बाकूच्या देवळातल्या गौरी

राजेश्वरीबाईंचं धनाजीरावांकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते बडोद्यात, अकोट्याच्या पोस्टात. २०१९ सालचा जून महिना होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर राजेश्वरीबाई सून योगिनीसह नव्या सोसायटीत राहायला आल्या होत्या, त्याला तीनच आठवडे झाले होते. समोरच्या दारावर ‘धनाजीराव घोरपडे’ अशी पाटी आहे, एवढंच त्यांना माहीत होतं. पोस्टात त्या रांगेत उभ्या होत्या आणि पुढचे गृहस्थ काही केल्या खिडकी सोडत नव्हते. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्टीलची सहा इंची पट्टी.

“काका, आ तो एम्बसीनुं छे,” खिडकीतला पोरगेला कारकून म्हणत होता. “फॉरेनवाळी टिकिट लागशे.”

“अरे भाई, एम्बसी दिल्लीमां छे. दिल्लीला किती लागतं? पाच रुपये. तेच लाव.”

“पण देश तो फॉरेन ने?”

“देश फॉरेन. पत्र देशात नाही जात, पत्र त्यांच्या दिल्लीतल्या माणसाला जातं. तुझी बेन सुरतेला दिली असेल, तर तिची खुशाली विचारायला तू सुरतेला जातोस की फोन करतोस?”

कारकुनानं हसत पाच रुपयांचं तिकीट चिकटवलं. पाकिटावर ठसठशीत अक्षरात ‘अझरबैजानचा दूतावास’ असं इंग्रजीत लिहिलेलं राजेश्वरीबाईंनी वाचलं. छत्तीस वर्षं भूगोल शिकवूनही त्या देशाच्या दूतावासाला पत्र लिहावं असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. घरी परतताना ते समोरच्या दाराचेच घोरपडे निघाले, तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, “कामासंबंधी पत्र होतं का हो?”

“हो तर,” धनाजीराव म्हणाले. “मखराचं.”

त्याचा उलगडा चार दिवसांनी अहल्याबाईंनी, म्हणजे धनाजीरावांच्या पत्नीनं, चहाच्या कपावर केला. कोयलीच्या रिफायनरीत फिटर म्हणून चाळीस वर्षं काढलेला हा माणूस निवृत्त झाल्यापासून दर वर्षी घरच्या गणपतीचं मखर हातानं करत असे. पण नुसतं मखर नव्हे. दोन देशांच्या मैत्रीखातर जगात जे काही बांधलं गेलं असेल, त्यातलं एक तो निवडी आणि त्याची मापं मागायला थेट त्या देशाच्या दूतावासाला पत्र लिही.

“परराष्ट्रमंत्र्यांना येत नसतील एवढी पत्रं यांना येतात,” अहल्याबाई म्हणाल्या. “जपान्यांनी लेहला बांधलेला शांतिस्तूप झाला. फ्रान्सनं अमेरिकेला दिलेली ती मशालवाली बाई झाली. मी म्हटलं, बाईच्या डोक्यावर गणपती बसवायचा नाही हं. मग हिरमुसले, आणि नुसता खालचा चौथरा केला. एका वर्षी तर दिल्लीतली अमेरिकन वकिलातच केली, ती जाळीची इमारत. सोसायटीतली तीन पोरं व्हिसाचे अर्ज घेऊन आली आणि बाप्पापुढे ठेवून गेली.”

“मिळाला का व्हिसा?”

“दोघांना मिळाला. तिसऱ्यानं नारळ आणला नव्हता.”

आतून धनाजीरावांचा आवाज आला, “तिसऱ्याचे कागद अपुरे होते!”

यंदाचं काम मात्र त्यांच्या दृष्टीनं इतर वर्षांसारखं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी ते सांगलीकडच्या गावाहून बडोद्याला आले आणि कोयलीत उमेदवारी करू लागले, तेव्हा रिफायनरी उभी करायला आलेले सोव्हिएत लोक अजून तिथे होते. सगळे त्यांना रशियन म्हणत. त्यातला एक रशियन नव्हता, अझरबैजानातल्या बाकूचा होता. त्याचं नाव रुस्तम. नावावरून गुजराती कामगारांनी त्याला पारशी ठरवून टाकलं होतं आणि ते त्याला ‘रुस्तमजी, केम छो’ म्हणत. तोही झुपकेदार मिश्यांतून ‘मजामां’ म्हणायचा. पाइपाचा जोड हातानं चाचपून गळती सांगायची विद्या धनाजीरावांना त्यानं दिली. एके दिवशी फाटकावरची हिंदी पाटी दाखवून तो म्हणाला, असली अक्षरं आमच्या गावाजवळच्या एका देवळात दगडावर कोरलेली आहेत. तुमच्याकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी ते बांधलं. जमिनीतून आपोआप जाळ निघायचा, त्याची पूजा करायचे.

“आता कोण करतं पूजा?” एकोणीस वर्षांच्या धनाजीनं विचारलं होतं.

रुस्तमनं मोडक्या हिंदीत उत्तर दिलं, “मंदिर है. आदमी नहीं. पूजा नहीं.”

पन्नास वर्षांनी दूतावासाचं उत्तर आलं, त्यात त्याच देवळाचा, आतेशगाहचा, नकाशा होता. मापं मीटरमध्ये. सोबत एक रंगीत पुस्तिका. पाच बाजूंचं अंगण, मधोमध चार खांबांवरचा घुमट, घुमटाच्या चार कोपऱ्यांवर चार ज्योती. आणि भिंतीवरच्या एका शिलालेखाचा फोटो, ज्याच्या सुरुवातीला देवनागरीत ‘श्री गणेशाय नमः’ अशी अक्षरं होती. तो फोटो घेऊन धनाजीराव समोरच्या दारात उभे राहिले तेव्हा राजेश्वरीबाईंना वाटलं, यांना नातू झाला असावा.

“बाई, वाचा! बाकूत आपला गणपती बसलाय आणि दीडशे वर्षं कोणी नैवेद्य दाखवला नाही!”

पुस्तिकेत असंही लिहिलं होतं, की जमिनीतला वायू केव्हाच संपला, आता तिथे पाइपानं गॅस आणून ज्योत पेटती ठेवतात. हे वाचून फिटर इतका खूष झाला, की मखरातही बर्नर बसवतो म्हणाला. अहल्याबाईंनी एकदाच “अहो” म्हटलं आणि तो विषय तिथे संपला. कोपऱ्यांवर पणत्या ठेवायचं ठरलं.

जुलै-ऑगस्ट पार्किंगमध्ये काम चाललं. खांबांसाठी पीव्हीसीचे पाइप, वर पीओपीचा पातळ थर, तो वाळला की पॉलिश कागद घासून दगडाचा पोत. नकाशाच्या बरोबर बारावा हिस्सा. एक खांब दोन सूत जास्त निघाला तर धनाजीरावांनी चारही सोडवले. राजेश्वरीबाई संध्याकाळी खुर्ची टाकून बसत. शिलालेखाची अक्षरं पुठ्ठ्यावर त्यांनीच काढून दिली, कारण धनाजीरावांचं म्हणणं, अक्षर शाळेतल्या बाईंचंच असावं.

उत्साहाच्या भरात धनाजीरावांनी दूतावासाला आभाराचं पत्र पाठवलं. त्यात लिहिलं, बडोद्यात गणेशोत्सव दहा दिवस असतो, आपल्यापैकी कोणी या भागात आलं तर आमच्या घरी जरूर यावं. असली निमंत्रणं त्यांनी याआधीही दिली होती. कोणी आलं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी दूतावासातून फोन आला. बोलणारा दिल्लीचाच माणूस होता. त्यांच्या सांस्कृतिक विभागाच्या मॅडम विद्यापीठातल्या एका कार्यक्रमासाठी बडोद्याला येत आहेत, सहा तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी त्या मंदिर बघायला घरी येतील, चालेल ना?

“चालेल? दौडेगा!” धनाजीराव म्हणाले, आणि फोन ठेवून पार्किंगमधल्या वॉचमनलाही पेढा देऊन आले.

अहल्याबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर खाली घेतलं. “सोमवारी गणपती बसणार,” त्या बोटानं चौकोन मोजत म्हणाल्या. “मंगळवारी जाणार. शुक्रवारी तुमची मॅडम येऊन कोणाला बघणार? तुम्हाला?”

दहा दिवस हे बडोद्याचं खरं होतं, घोरपड्यांच्या घरचं नव्हतं. त्यांचा गणपती दीड दिवसाचा. पत्र लिहिताना धनाजीरावांच्या डोळ्यांपुढे मांडवी आणि दांडिया बाजारातले मोठमोठे मंडप होते; आपल्या घरचा पाहुणा दुसऱ्या दिवशी दुपारी निघतो, हे ते चक्क विसरले होते. त्यांनी दिल्लीला फोन लावला. मॅडमना फक्त शुक्रवारच मोकळा होता.

“गणपती पाच दिवसांचा करता येतो म्हणे,” अमोघनं, त्यांच्या मुलानं, पुण्याहून फोनवर सुचवलं.

“तीन पिढ्या दीड दिवस येतोय तो,” अहल्याबाई म्हणाल्या. “दूतावासाला सोयीचं नाही म्हणून त्याचं परतीचं तिकीट बदलायचं?”

धनाजीरावांनाही हेच पटत होतं. त्यांनी कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं.

सोमवारी गणपती बसला. मखर असं साधलं होतं की आरतीला आलेली मंडळी आधी दोन मिनिटं नुसती बघत राहायची. चार पणत्यांच्या उजेडात घुमट दगडाचाच वाटे. मंगळवारी दुपारी गच्चीवर मोठ्या टबात शाडूच्या मूर्तीचं विसर्जन झालं. सगळे खाली आले, खिरापत वाटली गेली, आणि प्रसादाची वाटी परत द्यायला राजेश्वरीबाई समोरच्या घरात शिरल्या तेव्हा धनाजीराव रिकाम्या मखरापुढे स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले होते. सोडवत नव्हते, नुसते बसले होते.

“राहू द्या की शुक्रवारपर्यंत,” राजेश्वरीबाई म्हणाल्या. “निदान मखर तरी बघतील.”

“रिकामं देऊळ दाखवू त्यांना?” धनाजीराव म्हणाले. “बाई, रिकामं तर त्यांच्याकडे आहेच. एवढं मोठं, दगडाचं. मला त्यांना भरलेलं दाखवायचं होतं. दिवा लावलेला, फूल वाहिलेलं, कोणीतरी हात जोडून उभं असलेलं.”

अहल्याबाई एरवी काहीतरी टोला हाणायच्या. आज त्यांनी नुसत्या पणत्या गोळा केल्या, आणि राजेश्वरीबाईंना तेच जास्त लागलं.

घरी येऊन त्या आपल्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यापाशी उभ्या राहिल्या. गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गौरी यायच्या होत्या, शुक्रवारी पूजन. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी उभ्या. सासूबाईंच्या काळापासून त्या सासूबाईंच्या लग्नातल्या शालूचा पडदा लावून कोपऱ्यात उभ्या राहत. वाडीतल्या जुन्या घरात तसंच, मग इथेही तसंच करायचं. पण हा नियम होता की नुसती सवय? गौरींना घरभर फिरवायचं, स्वयंपाकघर दाखवायचं, धान्य दाखवायचं, हे सासूबाईंनी बजावून सांगितलं होतं. शालूबद्दल त्या कधी काही बोलल्याचं आठवेना. वाडीतल्या घराची भिंत ओल धरायची, ती झाकायला शालू लावत असतील, असंही त्यांच्या एकदम लक्षात आलं आणि हसू फुटलं.

“योगिनी,” त्यांनी सुनेला हाक मारली, “आपल्या गौरी देवळात उभ्या केल्या तर चालेल तुला?”

“आई, मला काय, त्यांना विचारा. त्या तुमच्या माहेरवाशिणी.”

दहा मिनिटांत राजेश्वरीबाई शिवणाची टेप घेऊन समोरच्या घरात परत आल्या. “माझ्या गौरी मुखवट्यासकट साडेतीन फूट आहेत. तुमच्या देवळात मावतील?”

धनाजीरावांनी वर पाहिलं. कळायला त्यांना क्षणभर लागला. मग चेहरा उजळला, आणि लगेच पडला. “घुमट अडीच फुटांवर आहे.”

“माझ्या गौरी काही कमी होणार नाहीत. तुमचे खांब वाढतील का?”

“वाढतील. पण मग प्रमाण जाईल. बारावा हिस्सा राहणार नाही. ते देऊळ असं लंबूटांग नाहीये हो, बाई. त्यांच्या मॅडमना लगेच कळेल.”

“अहो,” अहल्याबाईंना आता आवाज सापडला, “चाळीस वर्षं पाइपाला पाइप जोडत आलात आणि एक-दीड फुटासाठी रडताय? लक्ष्मी दारात उभी आहे आणि तुम्ही तिला मापं विचारताय!”

धनाजीरावांनी खिशातली पट्टी काढली, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा खिशात ठेवली. “कपलिंग चार लागतील,” ते म्हणाले. “दुकान सातपर्यंत उघडं असतं.”

बुधवार-गुरुवार दोन्ही घरांची दारं उघडीच होती. पाइप जोडले, जोड पीओपीनं झाकले, घुमट चौघांनी तिरपा करून दारातून काढला आणि राजेश्वरीबाईंच्या दिवाणखान्यात नेला. गुरुवारी संध्याकाळी उंबऱ्यापासून रांगोळीची पावलं निघाली, गौरी घरभर फिरून आल्या आणि बाकूच्या देवळात दोन खांबांमध्ये शेजारीशेजारी उभ्या राहिल्या. एकीला हिरवी साडी, एकीला राणी रंगाची. वर घुमटाला फुलोरा टांगला, करंज्या आणि पापड्यांचा. देऊळ लंबूटांग दिसत होतं खरं. पण त्या दोघी आत अशा शोभत होत्या की ते त्यांच्यासाठीच बांधल्यासारखं वाटे.

शुक्रवारी संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या पंधरा-वीस बायकांच्या गर्दीत दूतावासाच्या मॅडम, सेविंजबाई, आल्या. पस्तिशीच्या, गोऱ्या, काळ्या केसांच्या, दिल्लीत दोन वर्षं राहून शिकलेलं हिंदी मोजून बोलणाऱ्या. धनाजीराव नव्या झब्ब्यात दाराशीच उभे होते आणि त्यांनी पहिलंच वाक्य हे टाकलं, “मॅडम, खंभा थोडा लंबा हो गया, माफ कीजिए.”

सेविंजबाईंनी ते ऐकलंच नसावं. त्या देवळापुढे जाऊन थांबल्या. चार कोपऱ्यांवर चार पणत्या, आत समई, दोन शृंगारलेल्या देवी, पुढे ताटभर पक्वान्नं. त्यांनी चपला आधीच काढल्या होत्या; आता खांद्यावरची पर्सही काढून योगिनीच्या हातात दिली. मग त्या भिंतीवरच्या पुठ्ठ्याच्या शिलालेखाजवळ गेल्या.

“शाळेची सहल नेहमी आतेशगाहला जायची,” त्या हिंदीत म्हणाल्या. “गाइड सांगायचा, ही हिंदुस्थानी अक्षरं. काय लिहिलंय ते मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं. आम्ही मुली बोटं फिरवून फिरवून बघायचो. काय आहे हे?”

धनाजीरावांनी तोंड उघडलं, पण सांगितलं कोणी एकानं नाही. पंधरा-वीस बायका एका सुरात म्हणाल्या, “श्री गणेशाय नमः!” आणि वर्गात कविता म्हणून झाल्यावर मुली हसतात तशा हसल्या. सेविंजबाईंनी ते शब्द सावकाश म्हणून बघितले. दुसऱ्यांदा बरोबर आले. धनाजीराव भिंतीकडे तोंड करून पणतीत तेल घालू लागले. ती काठोकाठ भरलेली होती.

“आणि या दोघी?”

“बहिणी,” राजेश्वरीबाई म्हणाल्या. “वर्षातून एकदा माहेरी येतात, तीन दिवस राहतात. आज जेवण, उद्या निरोप.”

“मोठी कोणती?”

“ते विचारू नका,” अहल्याबाई म्हणाल्या. “दोघीही स्वतःला धाकटी म्हणवतात.”

योगिनीनं ते समजावून दिल्यावर सेविंजबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की दारातला वॉचमन आत डोकावला. मग त्यांची नजर फुलोऱ्यावर गेली आणि त्या बोट दाखवून जवळजवळ ओरडल्याच, “शेकरबुरा!”

“ती करंजी आहे,” कोणीतरी म्हणालं.

“नाही, नाही, शेकरबुरा! आमच्याकडे वसंतातल्या सणाला करतात. आत बदाम, साखर, वेलची.” त्यांनी ताटातली एक उचलली, कडा निरखली. “माझी आजी कडेला अशीच वेणी घालायची. चिमट्यानं.”

“चिमट्यानं?” अहल्याबाईंनी भुवया उंचावल्या. “मुरड हातानं घालायची असते. विचारा तिला, येते का हातानं.”

पाच मिनिटांत स्वयंपाकघरात उरलेल्या पिठाची पारी लाटली गेली आणि दूतावासाच्या सांस्कृतिक अधिकारी पाटाजवळ मांडी घालून मुरड घालायला बसल्या. पहिली फुटली. दुसरी बरी जमली. तिसरी अहल्याबाईंनी हातात घेऊन उजेडाकडे धरली, फिरवून बघितली आणि गौरीपुढच्या नैवेद्याच्या ताटात नेऊन ठेवली. काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या लेखी याहून मोठी शिफारस नव्हती.

निघताना सेविंजबाईंची ओटी भरली. त्यांनी पदराऐवजी ओढणी पुढे केली, तांदूळ सांडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवली. दाराशी त्या धनाजीरावांपुढे थांबल्या. “लहानपणी मला तिथे भीती वाटायची,” त्या म्हणाल्या. “सगळ्या खोल्या रिकाम्या असायच्या. आता गेले की वाटणार नाही.”

धनाजीरावांनी हात जोडले. ते म्हणाले, “फिर आइए. आवजो.”

“आवजो,” सेविंजबाई म्हणाल्या.

शनिवारी गौरी गेल्या. रविवारी देऊळ सोडवताना धनाजीराव शीळ घालत होते, आणि अहल्याबाईंनी त्यांना “अहो, सुतक नाही आपल्याला, पण शेजारी झोपलेत” म्हणून दटावलं.

त्यानंतर दोन्ही घरांचा ठराव होऊन गेला. मखर आधी दीड दिवस घोरपड्यांच्या गणपतीचं आणि मग तीन दिवस समोरच्या गौरींचं. खांब दोन उंचींचे करावे लागतात, आणि प्रमाणाचा विषय निघाला की धनाजीराव अजूनही थोडे खंतावतात. दूतावासांना पत्रं जातात, काहींची उत्तरं येतात. यंदा धनाजीराव सत्त्याहत्तर वर्षांचे झाले. उजवा हात कापू लागल्यामुळे गेल्या वर्षापासून पाइप अहल्याबाई कापतात आणि ते शेजारी स्टुलावर बसून माप सांगतात.